मायचे चौतीस श्वास

माझ्या मायचा गुडघा दुखतो हे मला धाकट्या भावाकडून कळलं. तो संभाजीनगरला कंपनीत आहे. मी मायसोबत एकाच घरात राहतो, सकाळचा चहा आम्ही एकाच ओट्यावर बसून पितो. तरी एका दुपारी त्याचा फोन आला आणि तो म्हणाला, "दादा, मायचा गुडघा लई दुखून राहिला म्हणं. तेलबिल आणून दे की."

माय समोरच तांदूळ निवडत बसली होती. मी विचारलं, "गुडघा दुखतो का गं?"

"दुखतो की. पंधरा रोज झाले."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं कुठं?"

तेल मी त्याच दिवशी आणलं. पण बाटली तिच्यापुढे ठेवताना मनात काय होतं ते आज लिहायला हरकत नाही. गुडघ्याची काळजी नव्हती. माझ्या घरातली बातमी एवढ्या लांबून फिरून माझ्याकडे आली, याचा राग होता. आणि असं ते एकदाच झालं नव्हतं. मायला दिसायला कमी येतंय, मायला रानातल्या चिंचेखाली जाऊन बसावंसं वाटतंय, मायला माझ्या बायकोच्या हातची कढी आवडली, हे सगळं मला फोनवरूनच कळत आलं आहे.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. शिरड शहापूरच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतो, थोडी हळद लावतो. या वयात धाकट्या भावाचा हेवा करतो हे कुणाला सांगण्यासारखं नाही. पण गेल्या हळदीच्या हंगामात या हेव्यापायी माझी माय जाता जाता राहिली. त्यामुळे आता झाकून ठेवण्यात अर्थ उरलेला नाही.

धाकटा हंगामात दोन दिवस येतो, हळदीचे ढीग लावायला मदत करतो आणि परत जातो. तो गेला की माय दोन दिवस नीट जेवत नाही. ताट पुढे घेते, अर्धी भाकर खाते, सरकवते. आमच्या घरात याला 'धाकट्याचा उपास' म्हणतात. हे नाव मीच पाडलं. सगळे हसतात, मायसुद्धा हसते. मी शाळेच्या सहलीबरोबर चार दिवस बाहेर असतो तेव्हा ती दोन्ही वेळा पोटभर जेवते. मी बायकोला विचारून खात्री करून घेतली आहे. असल्या चौकशा मी करत आलो.

त्या वेळी तो सोमवारी सकाळच्या एसटीनं गेला. मंगळवारी मायनं ताट सरकवलं. बायको म्हणाली, "आज तर चतकोर बी न्हाई खाल्ली." मी म्हणालो, "उपास चालू हाय." आणि मी जेवलो.

त्याच दिवशी अंगणाच्या कडेला पॉलिशचा ड्रम आला होता. शिजवून वाळवलेली हळद त्या जाळीच्या ड्रममध्ये टाकून फिरवतात, वरचं साल घासून निघतं आणि पिवळी धूळ उडते. ते दोन-तीन दिवस घरातलं प्रत्येक माणूस खोकतं. नाक पुसलं की रुमाल पिवळा होतो. त्यामुळे माय खोकत होती याकडे कुणी पाहिलं नाही. फक्त बुधवारी सकाळी बायको न्हाणीकडून आली आणि, मायला ती आत्याबाई म्हणते, म्हणाली, "अहो, आत्याबाईची थुंकी तांबूस दिसून राहिली."

"हळद असंल."

"हळद पिवळी असती."

"मंग जुनी हळद असंल," मी म्हणालो. ती हसली नाही.

शाळा सकाळची होती, दुपारी एकला मी घरी आलो. ही धाकट्याच्या फोनची वेळ. त्याच्या जेवणाच्या सुट्टीत तो रोज फोन करतो आणि माय त्याआधी दहा मिनिटं फोन मांडीवर घेऊन बसते. त्या दिवशी ती बाजेवर पडून होती आणि फोन उशाशी होता. मी हात धूत होतो. ती म्हणत होती, "जेवले बाबा... तू... जेवलास का... पोरगी... शाळेत गेली का..." मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की जेवली नाही आणि जेवले म्हणून सांगते, त्याला वाईट वाटू नये म्हणून. मला मात्र ताट सरकवून दाखवते.

तेवढ्यात तिनं फोन माझ्याकडे धरला.

"दादा," तो म्हणाला, "मायला दम लागून राहिला."

"न्हाई रे. पडल्या पडल्या बोलून राहिली, म्हणून असंल."

"न्हाई दादा. दोन-तीन शब्दांला थांबून राहिली. सोमवारी अशी नव्हती. आमच्या पोरीला न्यूमोनिया झाला होता तवा दवाखान्यात आमाला श्वास मोजायला शिकवलं होतं. छाती-पोट वर गेलं की एक. पुरा मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नको. तिला सांगू पण नको, न्हाईतर माणूस श्वास सांभाळून घेतं."

"मला शिकवून राहिला का? इथं मी हाय, तू न्हाईस."

"तू हायस म्हणून तर सांगून राहिलो," तो म्हणाला. "मोज आन् मला सांग."

मी फोन ठेवला. आठवीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर फुप्फुसं काढणारा माणूस मी. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस, हे पोरांकडून पाठ करून घेणारा. आणि मला मायचे श्वास मोजायला कंपनीतला धाकटा सांगतो. मी भाजी-भाकरी खाल्ली. मग मायच्या बाजेजवळ खुर्ची ओढून बसलो. तिचे डोळे मिटलेले होते. मी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि तिच्या लुगड्याचा पदर वर-खाली होताना मोजू लागलो.

चौतीस आले.

मी पुन्हा मोजले. तेहतीस. तिसऱ्यांदा मोजताना आकड्यापलीकडचंही दिसलं. तिच्या नाकपुड्या फुलत होत्या. गळ्याखाली, दोन हाडांच्या मधे, प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. हे सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. आणि तो आकडा पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं, म्हणजे त्याचंच खरं निघालं.

थोड्या वेळानं त्याचा फोन आला. "किती?"

"वीस-बावीस."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग ठीक हाय. तू मोजलं म्हणजे झालं." त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. तो मोकळा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी नुसता खोटं बोलून थांबलो नाही. माझं खोटं खरं ठरावं म्हणून पुरावे गोळा केले. थर्मामीटर काढून मायच्या काखेत लावलं. ताप नव्हता. बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघ. न्यूमोनियात ताप फणफणतो. हिला कणकण बी न्हाई." बायको म्हणाली, "तुमाला कोन म्हणलं न्यूमोनिया?" मी थर्मामीटर झटकून डबीत ठेवलं. ठरवलं की उद्या शाळेतून आल्यावर, माझ्या मनानं, वसमतला दाखवून आणायचं. तो म्हणाला म्हणून नाही. एक दिवस मधे जाऊ द्यायचा, म्हणजे नेणं माझं होईल. इतका हिशोबी विचार मी केला. त्या एका दिवसात तिचं काय होईल हा विचार त्यात नव्हता.

गुरुवारी सकाळी मी शाळेला निघालो तर माय ओसरीत उभी होती. एका पायात चप्पल, दुसरी हातात. फडक्यात दोन भाकरी बांधलेल्या. तिनं मला धाकट्याच्या नावानं हाक मारली. म्हणाली, "चल, यष्टी... निघून जाईल. दादा यायच्या... आत निघ."

"माय, तो सोमवारीच गेला. मी हाय."

"तू व्हय. चल की," असं म्हणून तिनं पुन्हा त्याचंच नाव घेतलं.

जन्मभर तिनं हाका मारताना आमची नावं अदलाबदल केली आहेत, सगळ्याच आया करतात. पण त्या दिवशी ती माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मी तिला दिसत नव्हतो. 'दादा यायच्या आत निघ' हे वाक्य तर मला इतकं लागलं, की तिची शुद्ध हरपते आहे हे मला सुचलंच नाही. मी म्हणालो, "घे त्यालाच बोलवून," आणि गाडीला किक मारली.

शाळेची प्रार्थना संपत होती तेव्हा बायकोचा फोन आला. "तुमी या. आत्याबाई उंबऱ्यात बसल्या त्या उठंनात. ओठ निळे पडून राहिले."

शेजाऱ्याच्या जीपमधून आम्ही तिला वसमतला नेलं. रस्ताभर तिचं डोकं बायकोच्या खांद्यावर होतं आणि मी पुढच्या सीटवर बसून मागून येणारा श्वास ऐकत होतो. आता तो मोजायची गरज नव्हती.

डॉक्टर तरुण होते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी मायच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. त्यावर चौऱ्याऐंशी दिसलं. लगेच नाकाशी प्राणवायूची नळी आली. मग ते खाली वाकून तिच्या पाठीवर स्टेथोस्कोप लावत एकेक जागा ऐकू लागले. उजवीकडे, खाली, ते थांबले. पुन्हा तिथंच लावला.

"आजी, आज वार कोणता?"

माय म्हणाली, "यष्टीचा."

डॉक्टर हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, दम कधीपासून लागतोय?"

बायको शेजारी होती. मी म्हणालो, "आज सकाळपासून."

"अचानक?"

"व्हय. अचानक."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी मायच्या घोट्याजवळ अंगठा दाबून पाहिला. तिथं थोडी सूज होती, गुडघ्यामुळे ती नेहमीच असते. ते सिस्टरना म्हणाले, "ईसीजी काढा आधी." मग मला समजावून सांगू लागले. "उजव्या बाजूला आवाज येतोय, तो जंतूंच्या न्यूमोनियाचा असू शकतो. पण ताप नाही, पायाला सूज आहे, आणि तुम्ही म्हणताय दम आजच अचानक लागला. अशा वयात अचानक दम म्हणजे हृदयामुळे फुप्फुसात पाणी साचलं असंही असू शकतं. दोन्हींची औषधं वेगळी. पाणी काढायचं इंजेक्शन द्यायचं तर न्यूमोनियाच्या माणसाला ते उलट जड जाईल, अंगातलं पाणी आधीच कमी असतं. म्हणून विचारतोय. नक्की आजच ना?"

सिस्टर मायच्या छातीला तारा लावत होती. माय तिचा हात धरून तिला काहीतरी सांगत होती, बहुतेक एसटीचंच. माझ्या खिशात फोन थरथरत होता. धाकट्याचाच असणार; बायकोनं त्याला जीपमधूनच कळवलं होतं.

मी म्हणालो, "न्हाई डॉक्टर. आजच न्हाई."

"मग?"

"मंगळवारपासून जेवण बंद हाय. खोकला तवापासूनच. थुंकी तांबूस पडत होती. काल दुपारी मी श्वास मोजले होते."

"किती होते?"

"चौतीस."

डॉक्टरांनी हातातला कागद खाली ठेवला. "काल दुपारी चौतीस होते?" त्यांनी एवढंच विचारलं. पुढचं त्यांनी विचारलं नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मग मायच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. ईसीजीत तसं काही निघालं नाही. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरून मला दाखवला. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, कारण आत हवा असते. मायचं उजवं फुप्फुस खालच्या भागात पांढरं होतं, दुधाचा पेला कलंडावा तसं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप वाढल्या होत्या. "एकाच बाजूला एवढा डाग, तांबूस थुंकी, पेशी वाढलेल्या. हा जंतूंचाच दिसतो," ते म्हणाले. "थुंकी तपासायला पाठवू, पण रिपोर्टची वाट बघायची नाही. अँटिबायोटिक आत्ताच सुरू करतो."

"पण ताप नव्हता," मी म्हणालो. कुठंतरी अजून मला माझा बचाव हवा होता.

"म्हाताऱ्या माणसाला बऱ्याचदा येतच नाही. जेवण सुटतं, माणूस गळून जातं, भलतंच बोलायला लागतं. घरच्यांना वाटतं वयामुळे. ते भलतं बोलणं आणि तिसाच्या वर गेलेला श्वास, या दोन गोष्टी दिसल्या की आम्हाला घाम फुटतो."

म्हणजे धाकट्याचा उपास नव्हता तो. सकाळी ओसरीत तिनं त्याला हाक मारली नव्हती, प्राणवायू कमी पडलेल्या डोक्यानं मारली होती. हे कळल्यावर मला फक्त लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्या लाजेच्या आतही एक विचार आलाच: शुद्ध हरपली तेव्हासुद्धा तिच्या तोंडात नाव त्याचंच आलं.

धाकटा ऊन उतरताना पोचला. मायजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. तिनं डोळे उघडून "आलास का" म्हटलं आणि मिटले. मी त्याला बाहेर चहाच्या टपरीवर नेलं. चहा येण्याआधीच सांगून टाकलं. "मी काल चौतीस मोजले होते. तुला बावीस सांगितले."

तो बराच वेळ रस्त्यावरून जाणाऱ्या हळदीच्या टेम्पोंकडे पाहत राहिला. आता तो शिव्या देईल असं मला वाटलं, आणि द्याव्यात असंही.

"दादा," तो म्हणाला, "पोरीचे मी साठ मोजले होते. बायकोनं इचारलं तर मी चाळीस सांगितले. भेवानं. खरा आकडा तोंडातून निघंना." त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुला बी तसंच झालं असंल."

मला भीती वाटली नव्हती. पण मी म्हणालो, "व्हय. तसंच झालं."

हे माझं तिसरं खोटं. पहिली दोन मी त्याच्या हेव्यापायी बोललो, आणि हे तिसरं त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या मनातून काढून दिलं, मी नुसतं घेतलं. त्याला माझ्याबद्दल वाईट विचार करताच आला नाही. त्याच्याबद्दल तसा विचार करायची माझी तयारी मात्र आयुष्यभर होती.

दोन दिवस डॉक्टरांनी भरवसा दिला नाही. तिसऱ्या दिवशी बोटावरचा आकडा नळीशिवाय नव्वदच्या वर राहू लागला. मायनं सिस्टरला वार बरोबर सांगितला आणि चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. आठवड्यानं आम्ही तिला घरी आणलं.

मग बघायला बायका येऊ लागल्या. माय ओसरीत उशीला टेकून बसायची आणि प्रत्येकीला सांगायची, "थोरल्यानं ओळखलं बाई. माझा श्वास मोजला त्यानं. मास्तर हाय ना. ताप नसताना बी त्याला बराबर कळलं. धाकटा म्हणून राहिला, दादा नसता तर माय हाती लागली नसती."

हे धाकट्यानं तिला सांगितलं होतं. दवाखान्यात, मी औषधं आणायला गेलो असताना.

ज्या कौतुकासाठी मी लहानपणापासून आतून तडफडत होतो ते मला रोज चार-चार बायकांच्या पुढे मिळत होतं, आणि मला तिथं उभं राहवत नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, "पोरगं असावं तर असं." मी गोठ्याकडे निघून गेलो. तिथं उभा राहून मला त्याचाच हेवा वाटत होता. आता तो या गोष्टीचा, की असं खोटं बोलायला लागणारं मन त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही.

पंधरा दिवसांनी एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. माय हळदीच्या लांबट कांड्यांमधून गोल गड्डे वेगळे करत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "माय, मी न्हाई ओळखलं. त्यानं ओळखलं. फोनवर."

तिचा हात थांबला नाही. "पण मोजलं तर तूच. मी जागीच होते की. डोळे मिटून पडले होते."

"मोजलं. आकडा लई वाईट होता. मी त्याला खोटा सांगितला आन् तुला घरीच ठेवलं."

आता हात थांबला. "मंग नेलं काहून न्हाई?"

याचं उत्तर मी पंधरा दिवस तयार करत होतो. भीती, शाळा, हळदीची गडबड, सगळं घालून. ऐन वेळी तोंडातून निघालं ते असं: "तो म्हणला म्हणून."

मायनं माझ्याकडे पाहिलं. तिला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग आला. मी मार खाल्ला त्या वयानंतर तिला इतकं रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. "मेले असते ना मी," ती म्हणाली.

"व्हय."

"एवढ्यासाठी?"

"व्हय."

ती खाली बघून पुन्हा कांड्या निवडू लागली. मग एकदम म्हणाली, "त्याला ठाऊक हाय हे?"

"आकड्याचं ठाऊक हाय. त्याला वाटतं मी भेवानं खोटं बोललो."

"आन् तरी त्यानं मला सांगितलं की दादानं ओळखलं म्हणून?"

"व्हय."

"दोघं बी सारखेच लबाड," माय म्हणाली. हातातला गड्डा तिनं ढिगावर टाकला, जरा जोरातच. "ऊठ आता. ड्रमवाल्याला फोन लाव, राहिलेली हळद तशीच पडली हाय."

मी उठलो, फोन लावला. ड्रमवाला उचलत नव्हता आणि मी नुसता फोन कानाला लावून उभा होतो. तिनं मला माफ केलं की नाही हे मला कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. मी आता रोज सकाळी तिला गुडघ्याचं विचारतो, ती कधी सांगते, कधी सांगत नाही. पण त्या दुपारी तिनं शिवी दिली त्यात 'सारखेच' असा एक शब्द होता. जिला मी मरणाच्या दारात ठेवलं तिच्या तोंडून तो आला होता, आणि मला तो गोड लागला.